कार्बीनच्या आधाराने टिकलेले सिलिकॉन आणि जड चॅल्कोजन : चॅल्कोजनचा अणू शेवटी कोणाच्या पदरात पडतो?

निष्क्रियवायू (धागाकर्ता)

कार्बीनचा (दोनच बंध आणि एक मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असलेल्या कार्बनच्या रेणूचा) आधार दिलेल्या कमी संयुजेच्या सिलिकॉनवर गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम हे जड चॅल्कोजन (ऑक्सिजनच्याच गटातली जड मूलद्रव्ये) टाकले की काय होते, हे समजावताना बहुतेक ठिकाणी एकच चित्र काढले जाते. सिलिकॉनवरची एकाकी इलेक्ट्रॉन जोडी चॅल्कोजनचा एक अणू उचलते, सिलिकॉनची ऑक्सिडीकरण अवस्था दोनवरून चारवर जाते आणि कार्बीन मात्र सारा वेळ आपल्या जागी तटस्थ बसून राहते. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. माझ्या मते या रसायनात चॅल्कोजनचे दोन दावेदार असतात, एक सिलिकॉन आणि दुसरा खुद्द कार्बीनचा कार्बन. कोणती अभिक्रिया साधेल आणि कोणती फसेल हे बऱ्याच अंशी या दोघांच्या ओढाताणीवर ठरते. त्यावर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. आर्डुएंगो यांनी १९९१ मध्ये बाटलीत भरून ठेवता येईल असे स्फटिकरूप एन-हेटरोसायक्लिक कार्बीन वेगळे केले. त्यानंतर सतरा वर्षांनी, २००८ मध्ये, जॉर्जिया विद्यापीठातील रॉबिन्सन यांच्या गटाने ‘आयपीआर’ या भरदार (नायट्रोजनांवर मोठे डायआयसोप्रोपिलफेनिल गट असलेल्या) कार्बीनची सिलिकॉन टेट्राक्लोराइडशी जोडी जमवली, पोटॅशियम ग्रॅफाइट या प्रबळ क्षपणकाने तिचे क्षपण केले आणि दोन कार्बीनांच्या मध्ये दुहेरी बंधाने जोडलेले दोन सिलिकॉन अणू पकडून दाखवले. त्यातील सिलिकॉनची औपचारिक ऑक्सिडीकरण अवस्था शून्य आहे. २००९ मध्ये गटिंगेनच्या रोस्की यांनी आयपीआरचे डायक्लोरोसिलिलीन (सिलिलीन म्हणजे दोन संयुजेचा, एकाकी जोडी असलेला सिलिकॉन) आणि बॉनच्या फिलिपू यांनी डायब्रोमोसिलिलीन प्रसिद्ध केले. रोस्कींच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तीत पोटॅशियम ग्रॅफाइट लागतच नाही. ट्रायक्लोरोसिलेनमधून हायड्रोजन क्लोराइड काढून घेण्याचे काम जादा कार्बीनच करते आणि इमिडॅझोलियम क्लोराइड होऊन बाजूला पडते.

आता मूळ मुद्दा. मोकळ्या कार्बीनवर गंधक टाकले तर थायोन (कार्बन-गंधक दुहेरी बंधाचे संयुग) बनते, सेलेनियम टाकले तर तसाच सेलोन. या अभिक्रिया इतक्या सहज होतात की सेलोनमधील सेलेनियम-७७चा एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद) संकेत हे कार्बीनची पाय-स्वीकारक्षमता (स्वतःच्या रिकाम्या कक्षकात इलेक्ट्रॉन घेण्याची तयारी) मोजण्याचे रूढ साधन झाले आहे. म्हणजे सिलिकॉनला आधार म्हणून आपण जो रेणू निवडतो, तोच चॅल्कोजनचा उत्तम ग्राहक असतो. सिलिकॉन आणि कार्बीन यांच्यातला बंध दाता-स्वीकारक प्रकारचा आहे, आणि सिलिकॉन दोन संयुजेचे असेपर्यंत तो द्रावणात काही अंशी सुटू शकतो. तो सुटला की कार्बीन चॅल्कोजन घेऊन निघून जाते आणि मागे उरलेले निराधार सिलिलीन आपापसांत जुळून घनरूप गाळ होते. ‘यील्ड कमी आले’ एवढ्यावर ज्या अभिक्रिया सोडून दिल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा इथेच फसलेल्या असतात.

जिज्ञासू_एमएस्सी

धागा आवडला. एक प्राथमिक शंका आहे. अशा संयुगांत सिलिकॉन आणि चॅल्कोजन यांच्यामध्ये कोणी दुहेरी बंध काढतो, तर कोणी सिलिकॉनवर धन आणि चॅल्कोजनवर ऋण भार दाखवून एकच रेघ काढतो. यांतले बरोबर कोणते? शिवाय ऑक्सिजनपेक्षा जड चॅल्कोजन हाताळायला सोपे का जातात? दुहेरी बंध खालच्या आवर्तांत दुबळा होतो, असे आम्हाला शिकवले जाते. मग तर उलटे व्हायला हवे होते.

कक्षक

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच उत्तर देतो.

प्रथम कार्बीन नसलेली स्थिती पाहू. सिलिकॉनला तीनच शेजारी असतील तर त्याचा रिकामा पी-कक्षक चॅल्कोजनच्या भरलेल्या पी-कक्षकाशी पाय-बंध (दुहेरी बंधाचा दुसरा, बाजूने जुळणारा भाग) करायला मोकळा असतो. ओकाझाकी आणि तोकितोह यांच्या गटाने १९९४ मध्ये अतिशय भरदार अराइल गट वापरून असा सिलेनथायोन (सिलिकॉन-गंधक दुहेरी बंधाचा रेणू) वेगळा केला आणि त्यातील सिलिकॉन-गंधक अंतर १.९४८ अँगस्ट्रॉम भरले. प्यूक्को यांच्या सहसंयुजी त्रिज्यांची बेरीज केली तर दुहेरी बंधासाठी २.०१ आणि एकेरीसाठी २.१९ अँगस्ट्रॉम येतात, त्यामुळे तो बंध निःसंशय दुहेरी म्हणावा लागतो. (सेलेनियमसाठी हेच आकडे २.१४ आणि २.३२, तर टेल्युरियमसाठी २.३५ आणि २.५२.)

आता त्याच सिलिकॉनवर कार्बीन आणून बसवा. ज्या कक्षकाने चॅल्कोजनशी पाय-बंध केला असता, नेमक्या त्याच जागेवर कार्बीनची इलेक्ट्रॉन जोडी येऊन बसते. सिलिकॉन चतुष्फलकी होते आणि रूढ अर्थाचा पाय-बंध उरत नाही. तरीही अंतर एकेरी बंधाइतके वाढत नाही, ते दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबते. याची कारणे दोन : विरुद्ध भारांचे आकर्षण, आणि चॅल्कोजनवरच्या एकाकी जोड्यांचे सिलिकॉनच्या शेजारच्या प्रतिबंधी सिग्मा कक्षकांत थोडेसे झुकणे, म्हणजेच ऋण हायपरकॉन्जुगेशन. म्हणून कार्बीनयुक्त संयुगासाठी भार दाखवून एकेरी रेघ काढणे मला अधिक प्रामाणिक वाटते. दुहेरी रेघ काढणारे चुकतात असे नाही, पण त्या रेघेवरून कोणी कार्बोनिलसारख्या रसायनाची अपेक्षा धरली तर निराशाच पदरी पडेल.

दुसरा प्रश्न. पाय-बंध खाली जाताना दुबळा होतो हे खरेच आहे, पण टिकाऊपणा पाय-बंधाच्या एकट्याच्या बळावर ठरत नसतो. तो तुटून त्याच्या बदल्यात काय मिळते यावर ठरतो. सिलिकॉन-ऑक्सिजन सिग्मा (एकेरी) बंध इतका बळकट आणि ध्रुवीय आहे की एका पाय-बंधाच्या बदल्यात असा एक जादा सिग्मा बंध मिळणे म्हणजे ऊर्जेचा घसघशीत फायदा, आणि त्यामुळे सिलेनोन (सिलिकॉन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचे रेणू) झपाट्याने जुळून सिलॉक्सेन (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या एकेरी बंधांची जोडणी) होतात. गंधकाची विद्युतऋणता २.५८, सेलेनियमची २.५५ आणि टेल्युरियमची सुमारे २.१, तर सिलिकॉनची १.९०. ऑक्सिजनच्या ३.४४च्या तुलनेत ध्रुवीयता बरीच कमी आहे, सिग्मा बंधही तेवढा बळकट नाही, म्हणून जुळण्याची घाई कमी. पाय-बंध दुबळा होत असूनही जड चॅल्कोजनचा तसाच रेणू, म्हणजे चॅल्कोजनोन, अधिक टिकतो तो असा.

अवांतर : कार्बीन वगैरे कोणताही आधार नसलेला सिलिकॉन मोनोसल्फाइडचा द्विअणुक रेणू कार्बनसमृद्ध ताऱ्याच्या भोवतालच्या वायूत १९७५ मध्येच सापडला आहे. तिथे घनता इतकी विरळ की जुळायला दुसरा रेणूच भेटत नाही.

अर्गॉन_रात्रपाळी

प्रत्यक्ष संश्लेषणाबद्दल लिहितो, कारण शोधनिबंधांत या गोष्टी एका ओळीत उरकलेल्या असतात.

तिन्ही चॅल्कोजनांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. गंधक टोल्युइनमध्ये विरघळते आणि झटकन अभिक्रिया करते, पण अडचणही तीच आहे. थोडे जरी जास्त झाले तरी एका अणूवर न थांबता पॉलिसल्फाइड कडी तयार होते. ०.१ मिलिमोल सिलिलीनला गंधक लागते अवघे ३.२ मिलिग्रॅम, आणि ग्लव्ह बॉक्समधल्या (निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीतल्या) तराजूवर, पंखा चालू असताना, एवढे वजन विश्वासाने करता येत नाही. म्हणून ३२ मिलिग्रॅम गंधक १० मिलिलिटर कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवून ठेवावे आणि त्यातले १ मिलिलिटर मोजून घ्यावे. याहूनही काटेकोर नियंत्रण हवे असेल तर प्रोपिलीन सल्फाइडसारखा, एका रेणूमागे एकच अणू देणारा अभिकारक वापरावा.

करडे सेलेनियम विरघळत नाही. भुकटी बारीक, निर्वातात नीट वाळवलेली आणि किंचित जास्त घ्यायची, रात्रभर ढवळायची आणि उरलेली सेलाइट या गाळणभुकटीवरून गाळून टाकायची. इथे जादा मात्रा गंधकाइतकी घातक ठरत नाही, कारण न विरघळलेले सेलेनियम तळाशी पडून राहते.

टेल्युरियमची भुकटी तर पुष्कळदा दाद देत नाही. अशा वेळी ट्रायअल्किल फॉस्फीनमधून टेल्युरियम नेऊन द्यावे लागते. फॉस्फीन टेल्युराइड विरघळते आणि आपला टेल्युरियम सहज सोडते. फॉस्फीन अल्प प्रमाणात टाकून सोबत टेल्युरियमची भुकटी ठेवली तरी चालते, कारण फॉस्फीन पुन्हा पुन्हा भुकटीतून टेल्युरियम उचलून आणते. फ्लास्क सुरुवातीपासून अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावा. प्रकाशाने टेल्युरियम बाहेर पडते आणि काचेवर काळा आरसा दिसू लागतो. तो दिसला की त्या द्रावणातून स्फटिक मिळण्याची आशा सोडलेली बरी.

निष्क्रियवायू

अर्गॉन यांनी सांगितलेल्या तीन स्वभावांना माझ्या मुद्द्याशी जोडतो. धोका असतो तो सिलिकॉन दोन संयुजेचे असताना, कारण त्याच काळात कार्बीन सुटू शकते. गंधक विरघळलेले असते, अभिक्रिया लगेच होते, म्हणजे धोक्याचा काळ छोटा. करड्या सेलेनियमसोबत मात्र सिलिलीन तासन् तास वाट पाहत बसते, आणि त्या अवधीत सुटलेल्या प्रत्येक कार्बीनला सेलेनियमच्या पृष्ठभागावर आयते गिऱ्हाईक मिळते. म्हणून सेलेनियमसाठीही फॉस्फीन सेलेनाइडसारखा विरघळणारा वाहक तपासून पाहावा, असे माझे मत आहे. त्या फॉस्फीनचा सेलेनियमशी असलेला बंध सिलिलीनला तोडता येईल इतका हलका हवा, एवढीच अट.

यातला चोर ओळखणे सोपे आहे. आयपीआरचा सेलोन सेलेनियम-७७ एनएमआरमध्ये ९० पीपीएमच्या (एनएमआरमध्ये रेघेची जागा मोजण्याच्या एककाच्या) आसपास स्पष्ट रेघ देतो. अभिक्रियेच्या कच्च्या मिश्रणाचा वर्णपट घेतला आणि तिथे रेघ दिसली, तर किती कार्बीन चॅल्कोजन घेऊन पळाले याचा अंदाज लगेच येतो. शुद्ध केलेल्या स्फटिकांचाच वर्णपट घेणाऱ्यांना हे कधीच दिसत नाही, कारण सेलोन गाळताना निघून गेलेला असतो.

स्फटिकमापक

एनएमआरचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक लिहितो. या संयुगांची खरी ओळख तिथेच पटते.

सिलिकॉन-२९चे नैसर्गिक प्रमाण ४.७ टक्के, सेलेनियम-७७चे ७.६ टक्के आणि टेल्युरियम-१२५चे ७.१ टक्के. तिन्हींचा स्पिन अर्धा असल्यामुळे रेघा बारीक येतात. गंधक-३३ मात्र प्रमाणाने अत्यल्प आणि चतुर्ध्रुवी (म्हणजे रेघा रुंद करणारे), त्यामुळे गंधकाच्या बाजूने काहीच हाती लागत नाही. सिलिकॉनला एक सेलेनियम थेट जोडलेले असेल तर सिलिकॉनच्या मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३.८ टक्के तीव्रतेच्या उपरेघा दिसतात. मुख्य रेघ गोंगाटाच्या शंभरपट तरी उंच आल्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत, आणि सिलिकॉनचा विश्रांतिकाळ लांब असल्यामुळे त्याला वेळ लागतो. पण त्या एकदा दिसल्या की सिलिकॉन आणि सेलेनियम थेट जोडलेले आहेत याला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही, कारण एका बंधावरचे युग्मन (एका केंद्रकाचा दुसऱ्याच्या रेघेवर होणारा परिणाम) दोन किंवा तीन बंधांवरच्या युग्मनाहून कितीतरी मोठे असते.

नवख्यांसाठी एक सूचना. सिलिकॉनच्या वर्णपटात -११० पीपीएमच्या सुमारास एक रुंद उंचवटा येतो. तो तुमच्या संयुगाचा नसतो, एनएमआर नळीच्या आणि प्रोबच्या काचेचा असतो. आयपीआर-डायक्लोरोसिलिलीनची रेघ १९ पीपीएमजवळ येते आणि रॉबिन्सन यांच्या द्विसिलिकॉन संयुगाची २२४ पीपीएमजवळ, म्हणून सुरुवातीच्या संयुगांना या उंचवट्याचा त्रास होत नाही. पण सिलिकॉन चार संयुजेचे झाले की रेघ साधारणपणे वरच्या क्षेत्राकडे, म्हणजे कमी पीपीएमकडे, सरकते आणि काही उत्पादनांची रेघ त्या उंचवट्याच्या कडेला जाऊन लपते.

टेल्युरियमच्या संयुगासाठी कुठे शोधायचे हे कळत नसेल तर त्याच रचनेच्या सेलेनियम संयुगाचा आकडा घ्यावा आणि त्याला सुमारे १.७ ते १.८ने गुणावे. हा ठोकताळा बऱ्याच संयुगकुळांत चालतो आणि टेल्युरियमच्या अफाट विस्तृत पट्ट्यात भटकण्यापासून वाचवतो.

मूलगामी

धागाकर्त्यांच्या मांडणीशी मी पूर्णपणे सहमत नाही. बर्लिनच्या ड्रीस यांच्या गटाने २०१० मध्ये ऑक्सिजनपासून टेल्युरियमपर्यंत चारही चॅल्कोजनांची, कार्बीनचा आधार असलेली सिलेनचॅल्कोजनोन मालिका प्रसिद्ध केली आहे. तिथे कार्बीन सिलिकॉनवरच राहिले, चॅल्कोजनही सिलिकॉनवरच गेले. ओढाताण इतकी निर्णायक असती तर अशी संपूर्ण मालिका मिळाली नसती. काही फसलेल्या अभिक्रियांवरून आपण नियम तर बनवत नाही ना?

निष्क्रियवायू

हरकत रास्त आहे. पण ती मालिका माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, तो कुठे लागू होतो याची हद्द दाखवते. ड्रीस यांचे सिलिलीन दोन नायट्रोजनांच्या सहा अणूंच्या कड्यात बसलेले आहे, म्हणजे कार्बीन नसतानाही ते स्वतःच्या पायावर उभे राहते. वापरलेली कार्बीनेही इमिडॅझोलच्या नायट्रोजनांवर मेथिल किंवा आयसोप्रोपिलसारखे छोटे गट असलेली, म्हणजे सिलिकॉनला अगदी बिलगून बसणारी आहेत. अशा स्थितीत कार्बीन क्षणभर सुटले तरी सिलिलीन गाळ होऊन जात नाही आणि परत जोडले जाऊ शकते. आयपीआर-डायक्लोरोसिलिलीनची गोष्ट निराळी. तिथे कार्बीन गेले की डायक्लोरोसिलिलीनला कोणीच वाली उरत नाही.

शिवाय एकदा चॅल्कोजन सिलिकॉनवर बसले की सिलिकॉन चार संयुजेचे, अधिक धन भाराचे आणि अधिक प्रबळ ल्युइस आम्ल (इलेक्ट्रॉन जोडी स्वीकारणारे) होते, आणि कार्बीनला पूर्वीपेक्षा घट्ट धरते. म्हणून सगळी जोखीम अभिक्रियेच्या आधी आणि अभिक्रिया चालू असताना आहे. तयार झालेले उत्पादन तुलनेने सुरक्षित असते. मूलगामी यांनी दिलेले उदाहरण या दृष्टीने वाचले तर विरोधाभास राहत नाही.

कक्षक

याच्या दुसऱ्या टोकाला रॉबिन्सन यांचे द्विसिलिकॉन आहे. तिथे दोन्ही सिलिकॉनवर एकाकी जोडी आहे आणि मध्ये दुहेरी बंधही आहे, त्यामुळे चॅल्कोजनला आत शिरायला एकापेक्षा अधिक वाटा मिळतात. ऑक्सिजनच्या बाबतीत २०१५ मध्ये त्याच गटाने दाखवले की नायट्रस ऑक्साइड वापरल्यास दोन सिलिकॉन आणि तीन ऑक्सिजन असलेले, तर ऑक्सिजन वायू वापरल्यास दोन सिलिकॉन आणि चार ऑक्सिजन असलेले ऑक्साइड कार्बीनांच्या मध्ये पकडता येते. एरवी अनंत जाळ्यात बांधलेल्या सिलिकाचा हा रेणवीय तुकडाच. घनरूप सिलिकॉन डायसल्फाइडमध्ये चतुष्फलक कडेला कड लावून साखळ्यांत जोडलेले असतात, म्हणजे दोन सिलिकॉन आणि दोन गंधकांची चौकट तिथे आयतीच आहे. त्यामुळे जड चॅल्कोजनांच्या बाबतीत अशा चौकटीचा तुकडा कापून काढणे ही स्वाभाविक दिशा वाटते.

पण तिथेही धागाकर्त्यांचा मुद्दा डोके वर काढतो. २०२० मध्ये रॉबिन्सन यांनी याच द्विसिलिकॉनपासून तीन डायथायोलीन लिगंड (प्रत्येकी दोन गंधकांनी पकडणारे गट) असलेले, म्हणजे सहा गंधकांनी वेढलेले सिलिकॉनचे द्विऋण आयन संकुल बनवले आणि द्विसिलिकॉनला सरळ ‘सिलिकॉन पोहोचवणारा अभिकारक’ म्हटले. उत्पादनातल्या सिलिकॉनभोवती कार्बीनला जागाच उरत नाही, म्हणजे ते सिलिकॉन सोडून गेलेले असते.

जिज्ञासू_एमएस्सी

आता बरेच स्पष्ट झाले. मग ही उत्पादने मिळाल्यावर पुढे कशी वागतात?

निष्क्रियवायू

चॅल्कोजनवर ऋण भार असल्यामुळे पहिला हल्ला त्याच्याकडूनच होतो. मेथिल आयोडाइड दिले तर मेथिल गट चॅल्कोजनवर जातो आणि सिलिकॉन-चॅल्कोजन बंध स्पष्टपणे एकेरी होतो. ल्युइस आम्ले आणि सोन्यासारखे मऊ धातू आयन चॅल्कोजनवर जोडले जातात. सेलेनियम आणि टेल्युरियमच्या बाबतीत ही ओढ विशेष. पाणी मात्र दोन्ही टोके एकदम पकडते, हायड्रॉक्सिल सिलिकॉनवर आणि हायड्रोजन चॅल्कोजनवर. पुढे हायड्रोजन चॅल्कोजेनाइड निघून जाऊन शेवटी सिलॉक्सेन उरते, आणि या वाटेवरून कोणी परत येत नाही.

तापवल्यावर काय होते ते जास्त रंजक आहे. कार्बीन सुटले की उघडा पडलेला सिलेनचॅल्कोजनोन दुसऱ्याशी जुळून चार अणूंची चौकट करतो. सुटलेले कार्बीन मात्र अजून द्रावणातच असते आणि चॅल्कोजन ओढून घेऊ शकते. कार्बनचा गंधकाशी असलेला बंध बळकट, टेल्युरियमशी असलेला बराच दुबळा. म्हणून या टप्प्यावर मी गंधकाच्या संयुगाची काळजी सर्वांत जास्त करीन आणि टेल्युरियमच्या संयुगात कार्बीनची फार भीती बाळगणार नाही. तिथे टेल्युरियम कोणाकडेच न जाता धातुरूपात खाली बसण्याचा धोका मोठा.

सायक्लिक अल्किल-अमिनो कार्बीन, ज्याला सगळे ‘कॅक’ म्हणतात, वापरले तर हिशेब आणखी बदलतो. ते अधिक चांगला दाता आहे, त्यामुळे सिलिकॉनला घट्ट धरते; पण अधिक चांगला पाय-स्वीकारकही आहे, त्यामुळे कमी संयुजेच्या सिलिकॉनवरची इलेक्ट्रॉन घनता स्वतःकडे ओढून घेते आणि चॅल्कोजन उचलायला सिलिकॉनकडे कमी शिल्लक ठेवते. रोस्की यांच्या २०१३ मधील दोन कॅक असलेल्या सिलिकॉन संयुगाकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

अर्गॉन_रात्रपाळी

पाण्याचा उल्लेख झाला म्हणून एक गोष्ट जोडतो, कारण ती वगळून चालणार नाही. सेलेनियमच्या संयुगाचे उरलेले मिश्रण थेट पाण्यात किंवा अल्कोहोलात ओतू नये. त्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सेलेनाइडची कामाच्या जागेतील हवेत सरासरी मर्यादा ०.०५ पीपीएम (इथे दशलक्ष भागांतले भाग) आहे, हायड्रोजन सल्फाइडपेक्षा कितीतरी कडक. फ्युम हूडमध्ये, अर्गॉनच्या संथ प्रवाहाखाली, थंड करून, आयसोप्रोपेनॉल अगदी थेंबाथेंबाने टाकावे आणि बाहेर पडणारा वायू सोडियम हायपोक्लोराइटच्या दोन बाटल्यांमधून जाऊ द्यावा. त्यांच्या आधी एक रिकामी बाटली ठेवावी, म्हणजे दाब उलटला तरी हायपोक्लोराइट फ्लास्कमध्ये ओढले जाणार नाही. त्या बाटल्यांत आम्ल चुकूनही जाता कामा नये, नाहीतर क्लोरीन सुटेल. टेल्युरियमचे हातमोजे आणि फिल्टर वेगळ्या बंद डब्यात टाकावेत. त्याचा अंश शरीरात गेला तर डायमेथिल टेल्युराइड होऊन श्वासाला लसणासारखा वास येतो आणि तो दिवसेंदिवस जात नाही.